मशीनला फटका मारल्यावर गेम का सुरू व्हायचा?

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या कुणालाही नुसतं 'मुस्तफा' म्हणा, चेहरा खुलतो. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', साल १९९३. त्यातला मुस्तफा कैरो हा गडी पोरांचा इतका लाडका झाला की खेळालाच त्याचं नाव पडलं. स्टेशनबाहेरचा अरुंद गाळा, आत भिंतीला टेकवलेली चार-पाच मशीनं, गरगरणारा पंखा आणि टोकनांचा डबा पुढ्यात घेऊन बसलेला मालक. खेळ रंगात आला की नेमक्या पडद्यावर रेघा उमटायच्या. मालक उठायचा, मशीनच्या कुशीत एक सणसणीत फटका द्यायचा आणि पडदा साफ!

हा उपाय दरवेळी चालायचा नाही, पण पुष्कळदा चालायचा. का चालायचा, हे कोडं आहेच. त्याच्या पोटात आणखी एक कोडं आहे. फटक्यानंतर कधी खेळ होता तिथूनच पुढे चालू राहायचा, तर कधी मशीन पहिल्यापासून सुरू व्हायचं आणि टोकन बुडायचं. फटका तोच, परिणाम मात्र दोन. हा फरक ज्याला उलगडला त्याला जुन्या मशीनची निम्मी दुरुस्ती समजली म्हणायला हरकत नाही.

ही मशीनं आता हौशी लोक गोदामांतून, भंगारवाल्यांकडून शोधून आणतात. घरी आणून चालू केलं की पडद्यावर अक्षरांचा कचरा दिसतो आणि निष्कर्ष ठरलेला असतो: मेमरी गेली. मग सुट्या भागांसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची फेरी, जुन्या चिप काढून नव्या बसवण्याची खटपट, आणि एवढं करून कचरा जागच्या जागी. याचं कारण सरळ आहे. मेमरीचा म्हणून दिसणारा दोष बऱ्याचदा विजेचा असतो, आणि जिथे मेमरी खरोखरच मेलेली असते तिथेही तिला मारणारी अनेकदा वीजच असते. म्हणून शोध विजेपासून सुरू करायचा.

२३० पासून ५ पर्यंत

मशीनच्या पोटात चार गोष्टी असतात: वीज देणारा सप्लाय, खेळ चालवणारा बोर्ड, पिक्चर ट्यूबचा मॉनिटर आणि या सगळ्यांना जोडणारा वायरींचा जुडगा. १९८५ मध्ये जपानच्या मशीन-निर्मात्यांच्या 'जामा' या संघटनेने जोडणीची एक पद्धत ठरवून दिली. बोर्डाच्या कडेला तांब्याच्या ५६ पट्ट्या, एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८. त्यावर लांबट कनेक्टर दाबून बसवायचा. यामुळे एकाच मशीनमध्ये आज एक खेळ, उद्या दुसरा, असं करता येऊ लागलं. पार्लरवाल्यांना ते सोयीचं होतं. मात्र दरवेळी बोर्ड उपसताना आणि खुपसताना त्या पट्ट्या घासत गेल्या.

महावितरणची वीज घरात येते २३० व्होल्टची, सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी. चिपना लागते ५ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी. हे रूपांतर जुन्या अमेरिकी मशीनमध्ये लोखंडी ट्रान्सफॉर्मर करायचा. तो व्होल्टेज उतरवतो, डायोड दिशा एक करतात, एक मोठा कपॅसिटर चढउतार भरून काढतो आणि शेवटी रेग्युलेटर नेमके ५ व्होल्ट काढून देतो. नंतरच्या मशीनमध्ये एसएमपीएस आला. तो आधी २३० चे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो, सेकंदाला हजारो वेळा त्याची कापाकापी करतो आणि छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून ५ आणि १२ व्होल्ट देतो.

जुन्या पद्धतीत एक खाच आहे आणि ती खास आपल्याला नडते. डायोडमधून बाहेर पडणारी वीज सेकंदाला १०० वेळा शून्याला टेकून वर येते. दोन लाटांमधल्या १० मिलिसेकंदांत सगळा भार कपॅसिटरवर असतो. अटारी कंपनीच्या मशीनमध्ये यासाठी सुमारे २७,००० मायक्रोफॅरडचा, डब्याएवढा निळा कपॅसिटर असायचा. दुरुस्तीवाले त्याला 'बिग ब्लू' म्हणतात. बोर्ड ५ अँपिअर ओढत असेल तर त्या १० मिलिसेकंदांत कपॅसिटरचं व्होल्टेज साधारण १.८५ व्होल्टने खाली घसरतं. हेच मशीन अमेरिकेत ६० हर्ट्झवर चालताना अंतर ८.३ मिलिसेकंदांचं, घसरण सुमारे १.५ व्होल्टची. म्हणजे तिकडून मशीन आणून, ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालू केलं, की त्याच कपॅसिटरवर पाचवा हिस्सा जास्त ताण. त्यात तो चाळीस वर्षांत आतून सुकलेला. त्याची क्षमता निम्मी झाली असेल तर घसरण पावणेचार व्होल्टवर जाते, रेग्युलेटरला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, आणि ५ व्होल्टची लाइन सेकंदाला १०० वेळा खाली डोकावते.

मल्टिमीटर इथे फसवतो. डीसीवर लावला तर तो सरासरी दाखवतो: ४.९, म्हणजे ठीकच की! तोच मीटर एसीवर करून त्याच दोन टोकांना लावला आणि काही शे मिलिव्होल्ट दिसले, तर कपॅसिटर बदलायची वेळ झाली. एसएमपीएसच्या बाबतीत साध्या मीटरचा हा प्रयोग कामाचा नाही. तिथली थरथर इतकी वेगवान असते की स्वस्त मीटरला ती दिसतच नाही; त्याला ऑसिलोस्कोप हवा, नाहीतर सरळ दुसरा चांगला सप्लाय लावून बघावं.

बोर्डापर्यंत पोचतं किती?

त्या काळातल्या बहुतेक लॉजिक चिपना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. सप्लायच्या टोकांवर मीटर ५.०२ दाखवतो आणि मेकॅनिक समाधानाने मान डोलावतो. पण मोजायचं असतं ते चिपच्या पायावर, मशीन चालू असताना.

समजा कनेक्टरच्या पट्ट्या काळवंडल्या आहेत आणि वायर, पट्टी, टाका मिळून जेमतेम ०.१ ओहमचा अडथळा आहे. बोर्ड ४ अँपिअर घेत असेल तर त्या अडथळ्यावर ०.४ व्होल्ट खर्च होतात. सप्लायवर ५.०२ असलं तरी चिपच्या पायावर ४.६२. शिवाय त्या इवल्याशा जागेत १.६ वॉटची उष्णता तयार होते. उष्णतेने पट्टीवर आणखी गंज धरतो, अडथळा वाढतो, उष्णताही वाढते. जामा कनेक्टरमध्ये ५ व्होल्टसाठी चार पट्ट्या राखून ठेवलेल्या असतात. त्यातली एक थकली की तिच्या वाटचा प्रवाह उरलेल्या तिघींवर पडतो. अशा मशीनचा कनेक्टर बाहेर काढून पाहिला तर ५ व्होल्ट आणि अर्थच्या बाजूचं प्लास्टिक करपून तपकिरी झालेलं असतं, आतली पितळी पाती ढिली आणि काळी पडलेली, आणि आवाज-जॉयस्टिकच्या बाजूच्या पट्ट्या मात्र नव्यासारख्या चकचकीत. नुसता हा रंग पाहूनसुद्धा निदान अर्धं होतं.

पहिल्या कोड्याचं उत्तरही इथेच सापडतं. फटक्याने कनेक्टरची पाती केसभर सरकते, गंजाखालची स्वच्छ जागा तिला सापडते आणि ४.६२ चे पुन्हा ४.९ होतात. गंज परत धरेपर्यंत बरं चालतं.

आपल्याकडे हा गंज लवकर धरतो. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला उल्हास नदी, आणि जूनपासून चार महिने भिंतींना बुरशी आणणारी हवा. डोंबिवलीची एमआयडीसी जवळ असेल तर आणखी भर. जानेवारी २०१४ मध्ये 'हिरव्या पावसा'ने जी गाजली तीच ही. हवेत गंधकयुक्त वायूंचा अंश असला की चांदी काळी पडते, हे घरातल्या चांदीच्या भांड्यांवरून आपल्याला ठाऊक आहेच. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कितीतरी चिपच्या पायांना चांदीचा मुलामा असायचा. ते पाय सॉकेटमध्ये काळे-ठिक्कर पडतात आणि चिप उचलायला जावं तर मोडून हातात येतात.

यावर उपाय साधा आहे. वीज बंद करून बोर्ड काढायचा, कडेच्या पट्ट्या शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासायच्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या आणि करपलेला कनेक्टर सरळ बदलायचा. सँडपेपर नको, पट्टीवरचा सोन्याचा किंवा कथिलाचा पातळ थर त्याने कायमचा जातो.

पार्लरवाल्यांचा लाडका आडमार्ग वेगळाच असायचा. एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू पिळून व्होल्टेज वाढवायचं. सप्लायवर ५.४ केले की बोर्डावर ५ मिळतात, धंदा चालू. पुढे कुणीतरी कनेक्टर स्वच्छ केला की तेच ५.४ अख्खे बोर्डावर येऊन आदळतात. शिवाय स्वस्तातले बरेच सप्लाय फक्त ५ व्होल्टच्या लाइनवर लक्ष ठेवतात. तो स्क्रू पिळला की १२ व्होल्टची लाइनही बरोबर वर चढते.

मशीनच्या बाहेरची वीजही पाहायला हवी. २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची होती आणि कल्याण-डोंबिवलीने ती पुरेपूर भोगली. लाइट जाताना व्होल्टेज डळमळतं आणि येताना रिकामे कपॅसिटर क्षणभर भरमसाट प्रवाह ओढतात. रोज दोन-तीनदा हे झालं की कपॅसिटर, फ्यूज आणि टाके सगळेच दमतात. त्याहून वाईट म्हणजे खांबावरचा न्यूट्रल तुटणं. तीन फेजच्या जोडणीत फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. न्यूट्रल गेला की कुणाच्या घरात १२० तर शेजाऱ्याकडे साडेतीनशे, असं काहीही होऊ शकतं. एसएमपीएसच्या तोंडाशी बसवलेला एमओव्ही नावाचा चकतीसारखा भाग अशा वेळी स्वतः जळून बाकीच्यांना वाचवतो. तो काळा पडून फुटलेला दिसला तर आधी घराची वायरिंग तपासावी, मशीन नंतर.

चौकट: मागचं दार उघडण्याआधी

पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीखाली २०,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहू शकतो. एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरात ३२५ व्होल्ट साठलेले असतात. या दोन जागा माहीतगाराशिवाय उघडू नयेत.

पुष्कळ जुन्या मॉनिटरची चासी थेट मेन्सशी जोडलेली असते, म्हणून त्यांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

मशीनच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं आहे. लाइन फिल्टरमधले दोन कपॅसिटर चासीला फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास आणून ठेवतात. अर्थिंग असेल तर तो प्रवाह जमिनीत जातो, नसेल तर तुमच्यातून.

वीज चालू असताना बोर्ड काढू नये, चिपही उपटू नये.

पत्रपेट्या आणि पोस्टमन

आता मेमरीकडे वळू. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरच्या लॉबीत पत्रपेट्यांची भिंत असते, तशी मेमरी डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक फ्लॅटची एक पेटी, पेटीला नंबर, आत एक चिठ्ठी. नंबर सांगणाऱ्या वायरी वेगळ्या, त्यांना अ‍ॅड्रेस लाइन म्हणतात. आतली चिठ्ठी वाहून नेणाऱ्या वायरी वेगळ्या, त्या डेटा लाइन. प्रोसेसर नंबर सांगतो आणि चिठ्ठी मागतो. काही पेट्यांतल्या चिठ्ठ्या कारखान्यातच चिकटवलेल्या असतात. ती रॉम, त्यात खेळाचा प्रोग्रॅम आणि चित्रं. बाकीच्या पेट्यांत चिठ्ठ्या सतत बदलतात. ती रॅम, त्यात स्कोअर, उरलेले जीव आणि या क्षणी पडद्यावर काय आहे ते. वीज गेली की रॅममधल्या चिठ्ठ्या कोऱ्या.

आता चिठ्ठी हातात यायला वेळ लागतो. 'पॅकमॅन'मधला झेड-८० प्रोसेसर सेकंदाला ३० लाख ७२ हजार ठोक्यांनी चालतो, म्हणजे एका ठोक्याला सुमारे ३२५ नॅनोसेकंद. मेमरीने काही ठोक्यांच्या आत उत्तर द्यायचं असतं. व्होल्टेज घसरलं की चिप बंद पडत नाही, मंदावते. उत्तर तयार होण्याआधीच प्रोसेसर हात घालतो आणि अर्धवट चिठ्ठी घेऊन जातो. चिप शंभर टक्के निरोगी, तरी वाचन चुकीचं. ४.६२ व्होल्टवर मेमरीची चाचणी घेऊन चिपला दोष देणं म्हणजे उपाशी माणसाला पळायला लावून नापास करण्यासारखं झालं.

चुकीची चिठ्ठी प्रोग्रॅमची असेल तर प्रोसेसर भरकटतो. यासाठी बोर्डावर 'वॉचडॉग' नावाचा एक गणक असतो. प्रोग्रॅमने थोड्या थोड्या वेळाने त्याला शून्यावर आणायचं, ही अट. प्रोग्रॅम भरकटला की ते राहून जातं, गणक भरतो आणि मशीन पहिल्यापासून सुरू करतो. दुसऱ्या कोड्याचं उत्तर हे. टोकन बुडायचं तेव्हा घोटाळा विजेत किंवा प्रोग्रॅमच्या वाटेवर असायचा. खेळ तिथूनच पुढे चालायचा तेव्हा प्रोसेसर ठणठणीत असायचा आणि बिघाड फक्त चित्राच्या वाटेवर, एखाद्या चित्र-रॉमच्या सॉकेटमध्ये किंवा पडद्याच्या रॅममध्ये. मशीन दर एक-दोन सेकंदांनी आपोआप सुरू होत राहिलं, स्पीकरमधून ठरावीक तालात खट-खट आवाज आला, तर तो वॉचडॉगच समजावा.

पडद्यावरच्या रेघा वाचणं

मेमरी खरोखर बिघडली असेल तर ती कुठे, हे पडदाच सांगतो. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये पडदा २२४ गुणिले २५६ ठिपक्यांचा आहे. दर ठिपक्याला एक बिट, म्हणजे ५७,३४४ बिट किंवा ७,१६८ बाइट. एका बाइटात ओळीने आठ ठिपके, आणि त्या आठांतला प्रत्येक बिट वेगळ्या चिपमध्ये राहतो. एक चिप मेली की दर आठव्या ठिपक्यावर रेघ उमटते. रेघ कितवी, ते मोजलं की आरोपीचा नंबर कळला.

'पॅकमॅन'ची रीत वेगळी आहे. तिथे पडदा ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकोनांचा, आणि मेमरीत फक्त कुठल्या चौकोनात कोणतं चित्र, याचा क्रमांक. इंग्रजी 'ए' चा क्रमांक ६५, 'बी' चा ६६, 'एच' चा ७२, 'आर' चा ८२, आणि मोकळ्या चौकोनाचा ६४. हे क्रमांक २११४ जातीच्या दोन चिप मिळून सांभाळतात. खालचे चार बिट एकीकडे, वरचे चार दुसरीकडे. सुरुवातीच्या चाचणीत पास झालेली चिप तापल्यावर बिघडली आणि तिचा सगळ्यात खालचा बिट कायम १ वर अडकला असं समजा. मग प्रत्येक सम क्रमांकात एकाची भर पडते. ६४ चे ६५ होतात आणि सगळी मोकळी जागा 'ए'-'ए'-'ए' ने भरून जाते. 'हाय'मधला 'एच' होतो 'आय', 'स्कोअर'मधला 'आर' होतो 'एस', आणि स्कोअरमध्ये सम आकडा औषधाला सापडत नाही. अक्षरं अशी एकेका घराने सरकलेली दिसली की खालच्या चार बिटांची चिप बघायची. आकार बरोबर पण रंग भलतेच असतील, तर रंगांसाठीची मेमरी वेगळी असते, ती तपासायची.

कधीकधी पत्रपेटी धडधाकट असते, पोस्टमन चुकतो. तिसऱ्या मजल्याचं पत्र सातव्याच्या पेटीत टाकतो आणि मागायला गेल्यावर तिथूनच आणतो. असं झालं तर अ‍ॅड्रेस लाइन अडकलेली आहे. पडद्यावर याची खूण म्हणजे पुनरावृत्ती: वरच्या भागातलं चित्र खालीही तसंच, किंवा एक पट्टा दोनदा. हे पोस्टमन म्हणजे ७४ मालिकेतल्या छोट्या चिप, आणि रॅमपेक्षा दोष त्यांच्यात निघण्याचं प्रमाण कमी नाही. विशेषतः फुजित्सुचा शिक्का असलेल्या या मालिकेतल्या चिप बोर्डावर दिसल्या की अनुभवी मेकॅनिक आधी तिकडेच वळतो.

मशीन स्वतःची तपासणी करतं तीही याच तत्त्वावर. नाणं टाकण्याच्या दाराआड एक टेस्ट-स्विच असतो. प्रोग्रॅम प्रत्येक पेटीत ठरावीक चिठ्ठी टाकतो आणि वाचून पाहतो: आधी एक सोडून एक बिट चालू, मग त्याच्या नेमकं उलट. शेजारचे दोन बिट एकमेकांना चिकटले असतील तर असे पकडले जातात. पडदाच बंद असेल तर? अटारीच्या 'अ‍ॅस्टेरॉइड्स'ने त्याची सोय केली होती. खराब रॅम वेगवेगळ्या आवाजांनी सांगितली जाते. विल्यम्स कंपनीची मशीनं सुरू होताना पडदाभर रंगीत नक्षी दाखवतात. तो बिघाड नव्हे, रॅमची चाचणी चाललेली असते. नवखे लोक तिथेच घाबरून प्लग काढतात.

संशयित चिप न काढता तपासायची एक युक्ती आहे. वीज बंद करून, त्याच जातीची चांगली चिप तिच्या पाठीवर पायाला पाय लावून दाबून बसवायची आणि मशीन चालू करायचं. चित्र सुधारलं तर खालची चिप मुकी झाली होती. पण सुधारलं नाही म्हणून खालची चिप निर्दोष ठरत नाही. ती मुकी नसून एकच उत्तर ओरडत बसली असेल, तर वरच्या चिपचं कुणी ऐकतच नाही. बोटानेही बरंच कळतं: शेजारच्या चिप कोमट आणि एकच चटका देणारी, तर पुढची चौकशी तिच्यापासून.

उणे ५ व्होल्ट

रॅमच्या दोन जाती आहेत. स्टॅटिक रॅम वीज असेपर्यंत चिठ्ठी धरून ठेवते. डायनॅमिक रॅम, जिची कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली, ती प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरात साठवते. हा कपॅसिटर गळका असतो. ऐंशीच्या सुमारास सर्रास वापरात असलेल्या ४११६ या चिपमध्ये दर २ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते, नाहीतर चिठ्ठी पुसते.

या ४११६ ला तीन व्होल्टेज लागतात: १२, ५ आणि उणे ५. यातलं उणे ५ वरकरणी किरकोळ वाटतं, प्रवाह जवळजवळ शून्यच. पण सिलिकॉनचा पाया त्याच्यामुळेच योग्य दाबाखाली राहतो. म्हणून नियम असा की चालू होताना उणे ५ सर्वांत आधी यावं आणि बंद होताना सर्वांत शेवटी जावं. ते नसताना १२ व्होल्ट आले तर चिपमधून नको तिथून प्रवाह वाहू लागतो, ती भाजून निघते आणि कायमची जाते. विल्यम्सच्या १९८० च्या 'डिफेंडर'मध्ये अशा २४ चिप आहेत. सप्लायमधला उणे ५ चा एक स्वस्त भाग किंवा कनेक्टरची एक पिन गेली, की एका संध्याकाळी त्यातल्या कितीही जाऊ शकतात. नव्या बसवून मशीन चालू केलं तर त्याही जातात.

जुना सप्लाय काढून बाजारातला कोणताही एसएमपीएस बसवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुष्कळ सप्लायमध्ये उणे ५ नसतंच. यावर अनेक जण ४११६ काढून ४१६४ बसवतात. तिला फक्त ५ व्होल्ट लागतात. पाय सोळाच, पण आठव्या पायावर १२ च्या जागी ५ व्होल्ट आणावे लागतात आणि नवव्या पायाचं कामच बदलतं. बोर्डावरच्या दोन-तीन वाटा कापून नव्या जोडायच्या. एकदा हे केलं की उणे ५ ची कटकट मिटली.

खिडकीतून येणारं ऊन

रॉममध्ये वरच्या बाजूला काचेची गोल खिडकी असलेली चिप दिसली की ती ईप्रॉम. तिच्यात बिट म्हणजे चारी बाजूंनी बंद जागेत कोंडलेला विद्युतभार. अतिनील किरण पडले की तो भार सुटतो आणि चिप कोरी होते. २७१६ या चिपच्या माहितीपत्रात अंदाज दिलेला आहे: थेट उन्हात सुमारे एक आठवडा, ट्यूबलाइटच्या उजेडात सुमारे तीन वर्षं. खिडकीवरचं स्टिकर त्यासाठीच असतं. गोदामात दमटपणाने ते गळून पडलेलं असेल तर आधी काळी चिकटपट्टी लावा, मग पुढचं काम.

ईप्रॉम तपासण्यासाठी ती प्रोग्रॅमर नावाच्या यंत्रात वाचून तिचा ताळा, म्हणजे सीआरसी, जुळवतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने सुरू केलेल्या 'मेम' प्रकल्पात हजारो बोर्डांच्या रॉमचे ताळे नोंदलेले आहेत. ताळा जुळला म्हणजे चिप ठीक, दोष सॉकेटचा. दोनदा वाचून दोन वेगळे ताळे आले तर चिप मरणपंथाला लागली आहे.

बॅटरी गळते तेव्हा

'डिफेंडर'सारख्या विल्यम्सच्या मशीनमध्ये सर्वाधिक स्कोअर आणि मालकाच्या सेटिंग सांभाळायला तीन पेन्सिल सेल थेट बोर्डावर बसवलेले असतात. ते विसरले गेले की गळतात, आणि ते पाणी खालच्या तांब्याच्या वाटा खात जातं. हिरवी-पांढरी भुकटी दिसली तर व्हिनेगरने निष्प्रभ करून, पाण्याने आणि मग अल्कोहोलने धुऊन, प्रत्येक वाट मीटरच्या बझरवर तपासावी. नवे सेल वायरीने लांब, बोर्डाच्या खालच्या बाजूला टांगावेत.

कॅपकॉमने बॅटरीचा वेगळाच उपयोग केला: नकलेपासून बचाव. मुस्तफाच्या अस्सल बोर्डावर आवाज सांभाळणारा 'काबुकी' नावाचा प्रोसेसर आहे. त्याचा प्रोग्रॅम सांकेतिक भाषेत, आणि उलगडण्याची किल्ली बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत. बॅटरी संपली की आवाज गेला. नकली बोर्ड बनवणाऱ्यांनी ही भानगडच काढून टाकली होती, त्यामुळे नकलेला बॅटरी संपण्याची भीती नाही. १९९३ मध्येच आलेल्या सीपीएस-२ बोर्डांत कंपनी आणखी पुढे गेली. तिथे मुख्य प्रोग्रॅमच सांकेतिक, त्यामुळे ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी संपली की खेळ सुरूच होत नाही. असे कितीतरी बोर्ड वर्षानुवर्षं मेलेले समजून बाजूला पडले होते. २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ या संशोधकाने किल्ली भरण्याची पद्धत शोधून जाहीर केली. आता एका छोट्या मायक्रोकंट्रोलरला काही वायरी जोडून ती किल्ली दरवेळी मशीन चालू होताना बोर्डात भरता येते, आणि बॅटरी काढून टाकली तरी चालतं.